समताआत्याची परीक्षा आणि जानेफळचे कान

माझी आत्या समता भाषाशास्त्राची प्राध्यापक आहे. सुरांवर चालणाऱ्या भाषा माणसाच्या कानाला कशा कळतात, हा तिचा विषय. मिझो भाषेत एकच शब्द सूर चढवून म्हटला की एक अर्थ, उतरवला की दुसरा. ती म्हणून दाखवते, मी लगेच तस्संच म्हणते. "गधडे, मले हे शिकाले दोन वर्षं लागली!" ती म्हणते.

चार वर्षांपूर्वी तिची पीएचडी अडली होती. अशी भाषा कधी न ऐकलेले चाळीस जण हवे होते आणि मुदतीला दहा दिवस उरले होते. ती सरळ आमच्या गावी, जानेफळला आली, बुद्धविहारात लॅपटॉप मांडला. एकेकाने आत जायचं, हेडफोनवर दोन आवाज ऐकायचे आणि सारखे की वेगळे, ते बटण दाबून सांगायचं.

चौथ्या दिवशी चाळीस पुरे झाले. आत्याने निकाल उघडला. जवळजवळ सगळ्यांनी प्रत्येक वेळी 'सारखे' दाबलेलं!

तिने शेजारच्या चांगुणाकाकूंना गाठलं. "काकू, एकही जोडी येगळी नाही वाटली?"

"वाटल्या नं व, लय वाटल्या!" काकूंचा तो घोगरा, ठसक्यातला आवाज. "पन पयले आत गेलेले कचरूआबा भायेर येऊन म्हने, म्या सारखं दाबलं अन् समता हासली. येगळं दाबून पोरीले काऊन नाराज करता?"

विहाराच्या ओट्यावर नंबर लावून बसलेल्या रांगेने ते एकमेकांच्या कानात पोचवलं होतं.

बाबा म्हणाले, "राहू दे व, हेच देऊन टाक. तिकडे विद्यापीठात कोन पाहाले येते?"

"मी पाहून राह्यली नं, दादा."

तिने तो निकाल बाजूला ठेवला आणि चाचणी नव्याने बांधली. आता तीन आवाज. त्यातला वेगळा ओळखायचा, आणि क्रम प्रत्येकाला निराळा. कुणी चेहरा वाचू नये म्हणून स्वतः ती पाठ फिरवून बसली. कचरूआबा बाहेर येऊन म्हणालेच, "दोन नंबर दाबा!"

"चूप बसा हो आबा," काकू कडाडल्या, "तिले खरं पायजे!"

पुन्हा चाळीस जण झाले. विहारात गाणी म्हणणाऱ्या बायांनी बारीक सूरही अचूक पकडले. प्रबंध एक दिवस आधी गेला, फसलेली चाचणीसुद्धा मागे जोडून.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. हे का लपवलं नाही, असं विचारलं. आत्याने ओट्यावरची सगळी हकीकत सांगितली. ते खळखळून हसले. मग म्हणाले, "आमच्याकडच्या किती चाचण्या अशाच फसल्या असतील, कोण जाणे."

दुपारी बाबांचा फोन वाजला. "झाली रे दादा, डॉक्टर झाली मी." बाबा फोन कानाला तसाच धरून, अनवाणी, सगळ्यांना सांगायला विहाराकडे चालत सुटले.