खूण शेजारच्या चित्रात पाहावी

एका संगणकावरचा दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर नेला की त्यातली चित्रे कुठे जातात? हा प्रश्न मला निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी पडला. त्याचे उत्तर मिळेपर्यंत एका घराला माझ्यासाठी थांबावे लागले, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

सोयगाव तालुक्यातल्या एका गावात मी अठरा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. गावाच्या वरच्या अंगाला मेंढपाळांची वस्ती होती. तिथे प्रत्येक घराची मेंढीच्या कानावर एक ठरलेली खूण असे. कानाच्या कडेला एक किंवा दोन खाचा कातरलेल्या असत, कुणाच्या डाव्या कानाला, कुणाच्या उजव्या, कुणाच्या दोन्ही; कुणाच्या पुढच्या कडेला, कुणाच्या मागच्या. डोंगरावर कळप मिसळले, तरी संध्याकाळी या खाचांवरून ज्याची मेंढी त्याच्या दारात जाई.

मग लागोपाठ काही वर्षे पाऊस चुकला. गावात टँकर येऊ लागला, पण ते पाणी माणसांपुरतेच होते. कळप विकले गेले आणि माझ्या पटावरची मुले आईवडिलांबरोबर वाळूजच्या कारखान्यांजवळ, बजाजनगरला जाऊ लागली. एकेका मुलाचा दाखला लिहिताना माझ्या लक्षात आले की त्यात नाव राहते, जन्मतारीख राहते, इयत्ता राहते. त्या घराची खूण मात्र कुठेच नोंदली जात नाही. तेव्हा शाळा सुटल्यावर मी कॅमेरा घेऊन वस्तीवर जाऊ लागले. एकवीस घरे झाली. प्रत्येक घराला एक पान दिले. पानावर घराची माहिती, आणि खाली एकच वाक्य: ‘खूण शेजारच्या चित्रात पाहावी.’ जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा लिहू नये, असे मी मुलांना शिकवत असे. त्या वाक्याचा मला थोडा अभिमानही होता.

माझा संगणक जुना होता. मोठी छायाचित्रे घातली की तो अडकून बसे. एका प्रशिक्षणात त्यावर उपाय सांगितला गेला: चित्र दस्तऐवजात ठेवायचे नाही, त्याची फक्त लिंक द्यायची. म्हणजे चित्र फोल्डरमध्येच राहते, आणि ते कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने आहे एवढेच दस्तऐवज लक्षात ठेवतो. मी तसे केले. काम भराभर झाले.

निवृत्त झाल्यावर मी शहरात, सदनिकेत राहायला आले. आले तेव्हा गॅलरीतून ज्वारीचे रान दिसत असे. पुढच्या दोन वर्षांत तिथे तीन इमारती झाल्या आणि माझ्या घरात सकाळी अकरापर्यंत ऊन येईनासे झाले. समोरच्या दारावरची पाटी मला पाठ होती, पण ते दार मी कधी वाजवले नव्हते. त्या रिकाम्या दिवसांत मी लॅपटॉप घेतला. दस्तऐवज आणि छायाचित्रे पेन ड्राइव्हवर घेऊन जुना संगणक भंगारात दिला. लॅपटॉपवर पहिले पान उघडून पाहिले. मुखपृष्ठावरचे चित्र दिसले. ते एकटेच लिंक न देता थेट पानात घातलेले होते, हे मी विसरले होते. मी समाधानाने फाइल बंद केली.

त्यानंतर मी आणखी एक काम केले. कॅमेऱ्याने छायाचित्रांना दिलेली आकड्यांची नावे मला गबाळी वाटत. मी ती सगळी पुसून ‘मेंढी १’ पासून ‘मेंढी २३’ पर्यंत सुबक नावे दिली, जसजशी समोर आली तशी, उघडून न पाहता.

वर्षभराने दारावरची घंटा वाजली. माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची आई होती. तो आता वाळूजच्या कारखान्यात होता. त्याची आई माझ्याच वयाची. मी तिला अक्का म्हणत आले. तिचे यजमान शहरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी गेले.

‘‘बाई, अक्काला तिथं करमंना,’’ तो म्हणाला. ‘‘खोलीतून बाहेर पडत नाय. आता दोन साल पाऊस बरा झालाय. आठ मेंढ्या घेतोय. ती गावाकडं ऱ्हाते म्हणती.’’

‘‘मेंढ्या रविवारी येनार,’’ अक्का म्हणाली. ‘‘कान कातरल्याबिगर डोंगरावर सोडता येत नाय. अन् खूण कोन्या कडंला, पुढल्या का मागल्या, ते मला सांगता येईना.’’

‘‘डाव्या कानाला दोन खाचा, एवढं ठावं हाय,’’ मुलगा म्हणाला. ‘‘पण भावकीत आनखी एक घर हाय, त्यांच्याबी डाव्यालाच दोन. एका घराच्या पुढल्या कडंला, एकाच्या मागल्या.’’

‘‘मग त्या घरी विचारा की,’’ मी म्हटले.

अक्का ताठ झाली. ‘‘आमची खूण आमाला ठाव नाय, असं त्यांच्या दारात जाऊन सांगू? कातरायचं काम ह्येच्या बापाचं. मी कवा कातरी धरली? तुमी फोटू काढले व्हते ना, म्हनून आलो.’’

मी मोठ्या विश्वासाने फाइल उघडली. त्यांचे पान आले. घराची माहिती होती, खाली माझे वाक्य होते आणि शेजारी एक रिकामी चौकट, कोपऱ्यात लाल फुली. मागचे पान, पुढचे पान, सगळीकडे तेच. मग ‘मेंढी १’, ‘मेंढी २’ उघडून पाहिले. कानच कान. त्यांत डाव्या कानाला दोन खाचा असलेले दोन्ही होते, पण कोणते कोणाचे हे आता त्यांच्या नावांवरून कळत नव्हते.

मी छायाचित्रे झरझर उघडून मिटली आणि पुन्हा रिकाम्या चौकटीवर आले; अक्का तिकडेच पाहत होती. ‘‘पोरान्ला फळ्यावरलं पुसू नका म्हनायच्या,’’ ती म्हणाली, ‘‘अन् सोताच पुसून बसल्या व्हय?’’

मुलगा हसला. मला हसता आले नाही. चुकीच्या कडेला कातरलेला कान पुन्हा भरून येत नाही.

त्यांना शनिवारी यायला सांगितले आणि ती दोघे गेल्यावर मी वहीत दोन रकाने आखले. दस्तऐवजात लिंकांची यादी उघडता येते, हे शोधून काढले. त्या यादीत प्रत्येक चौकटीपुढे छायाचित्राचे जुने, कॅमेऱ्याने दिलेले नाव शाबूत होते. डाव्या रकान्यात ती एकवीस नावे चढत्या क्रमाने लिहिली. फाइलचे नाव बदलले तरी छायाचित्र टिपल्याची वेळ तिच्यात राहते, म्हणून तेवीस छायाचित्रे वेळेनुसार लावली. दोन शाळेच्या विहिरीची निघाली, ती वगळली. एकवीस उरली. कॅमेऱ्याचे आकडे वेळेबरोबरच वाढत जातात, त्यामुळे पहिल्यासमोर पहिले, दुसऱ्यासमोर दुसरे लिहीत गेले. मग प्रत्येकाला त्याचे जुने नाव परत दिले, पूर्वीच्याच नावाचे फोल्डर पूर्वीच्याच ठिकाणी केले आणि फाइल उघडली. एकेका पानावर कान परत आले.

पण एकदा पहिल्या पानावर विसंबून मी फसले होते. खरी परीक्षा दुसऱ्या संगणकावरच होते. दुसरा संगणक म्हणजे दुसरे घर, आणि आपण हे आधी का तपासले नाही याचे कारण मला तेव्हा कळले. विचारायला कुणी नव्हते. खरे तर मी कुणाला विचारले नव्हते.

फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. घरून काम करणाऱ्या एका तरुण बाईने दार उघडले.

‘‘काकू, तुम्ही? काही झालं का?’’

‘‘एक फाइल उघडून पाहायची आहे. शेवटच्या पानापर्यंत.’’

तिच्या संगणकावर चौकटी पुन्हा रिकाम्या! माझे फोल्डर ज्या ड्राइव्हवर होते, तो तिच्याकडे नव्हताच. तिने फोल्डर नेमके कुठे होते ते मला विचारले, आणि मी सांगतासांगताच उत्तर मिळाले: पत्ता बरोबर असून भागत नाही, चित्रेच सोबत न्यावी लागतात. घरी येऊन लिंकांच्या त्याच यादीत चित्र दस्तऐवजातच साठवण्याची सोय सापडली. एकवीस वेळा ती वापरली. फाइल जड झाली. पुन्हा समोर गेले. सगळी पाने दिसली.

‘‘चहा घेऊन जा ना, काकू,’’ ती म्हणाली. मी घेतला.

शनिवारी अक्का मुलाला घेऊन आली. मी पान उघडून दिले. डावा कान, मागच्या कडेला दोन खाचा. कान ताणून धरणारा एक अंगठाही चित्रात आला होता. मुलाने कागदावर कान काढून कड नीट टिपून घेतली. अक्काने खाचांकडे पाहिलेच नाही. तिने पडद्यावर अंगठ्याजवळ बोट ठेवले.

‘‘नख बगा,’’ ती म्हणाली. ‘‘किती सांगितलं तरी कापलं नाय कवा.’’

ती दोघे गेल्यावर मी त्या पानावरचे माझे वाक्य खोडले आणि लिहिले: ‘डावा कान, मागची कड, दोन खाचा.’ मग उरलेल्या वीस पानांवरही जे दिसले ते शब्दांत लिहिले.

वाचकांना एवढीच विनंती: माझ्या सांगण्यावर विसंबू नका. चित्रे असलेला तुमचा दस्तऐवज पेन ड्राइव्हवर घ्या, जुना संगणक टाकून देण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जा, आणि तिथे तो शेवटच्या पानापर्यंत उघडून स्वतः पाहा.