मंगळाचं विमान आणि सोनाराचा काटा

बालाघाटच्या आमच्या शेडमध्ये विमानापेक्षा किस्से जास्त तयार होतात. विमानाला वजनाची मर्यादा आहे, किश्शांना नाही!

मंगळावर उडायच्या विमानाचं मॉडेल आम्ही बनवतो. तिथली हवा अगदी विरळ, म्हणून विमान हलकंच हवं. तिरोडीच्या खाणीतून रिटायर झालेले फिटर केशवभाऊ प्रत्येक स्क्रू सोनाराच्या काट्यावर तोलतात. आमच्या इंजिनिअर प्रीतीला पंख लाल रंगवायचे होते.

"काका, थोडासाच रंग!"

"लाव. पण तेवढ्या वजनाचं दुसरं काही काढून दे."

पंख अजून पांढरेच आहेत.

एकदा शेडचे मालक आले. "हे इथं उडते का?"

"नाही, मंगळावर."

"मंग बालाघाटात काहून बनवून राह्यले?"

केशवभाऊ म्हणाले, "कुकर कारखान्यात बनते. भात तिथंच शिजवता का?"

मालकांनी त्या महिन्यापासून पाहुण्यांना शेड दाखवायला आणणं सुरू केलं.

त्यातल्याच एका पाहुण्याने विचारलं, "पायलट कोण?"

मी समजावलं, "कोणीच नाही. इथून सिग्नल पोचायला काही मिनिटं लागतात. आपल्याला विचारत बसलं तर आपटेल. सगळं स्वतःच ठरवावं लागतं."

"माह्या पोरीसारखं," केशवभाऊ म्हणाले. "ते बी ठरवून मंगच सांगते!"

पंख घडी होऊन यानाच्या डब्यात मावायला हवेत आणि बाहेर पडताच उघडायला हवेत. त्यासाठीची बिजागरी माझ्या बायकोची, नंदिनीची. चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "मॅडम, ही कल्पना कुठून घेतली?"

तिने मोडकी छत्री कॅमेऱ्यासमोर धरली. "लामत्याच्या बाजारातून!"

साहेबांनी बिजागरीचे फोटो मागवून घेतले. छत्रीचासुद्धा!

गेल्या वर्षी नंदिनी गेली. काम थांबलं नाही. तिच्या वहीत पुढचं सगळं लिहिलेलं होतं.

मॉडेल चाचणीला पाठवायच्या आदल्या दिवशी काट्यावर ठेवलं. मर्यादा तीनशे ग्रॅम, आणि आमचं भरलं तीनशे एक. जास्त भरलं तर प्रयोगशाळेत डबाही उघडत नाहीत.

नेमकं तेव्हाच प्रीती म्हणाली, "सर, पंखावर मॅडमचं नाव लिहूया ना."

मी म्हणालो, "नको. शाईलाही वजन असतं. तिनेच नाही म्हटलं असतं."

वजन कमी करायला पंखाच्या आतल्या पट्टीला बारीक भोकं पाडायची ठरली. ड्रिल घेऊन केशवभाऊ कोपऱ्यात बसले.

सकाळी मॉडेल पुन्हा काट्यावर ठेवलं. दोनशे नव्व्याण्णव!

प्रीतीने पट्टी काढून खिडकीसमोर धरली. भोकांतून ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर ठिपक्यांची अक्षरं उमटली: नंदिनी.

मी केशवभाऊंकडे पाहिलं. ते काटा पुसत होते.

"भोकं तं पाडाचीच होती, सर."