कोहळ्याला पहिली सुरी

"एक सुरी लावून देता का जी?"

सकाळची पूजा आटोपून मी पडवीत येई, तेव्हा पायरीखाली हा प्रश्न माझी वाट पाहत उभा असे. प्रश्न विचारणारी बाई साठीची, उंचीने ठेंगणी, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळलेली. कडेवर लेकरू घ्यावे तसे तिने एक कोहळे घेतलेले असे. कोहळे म्हणजे पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. दुसऱ्या हातात सुरी, तिचे पाते स्वतःकडे आणि मूठ माझ्याकडे. समोरच्याला मूठ द्यावी एवढे सौजन्य तिला कोणी शिकवले नव्हते. ते तिच्या अंगातच होते.

आमच्या भागात अनेक घरी अशी समजूत आहे की अखंड कोहळे म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्यावर बाईने पहिली सुरी चालवू नये. पुरुषाने एक चीर द्यावी, मग पुढचे काम बायकांनी खुशाल करावे. घरात पुरुष असेल तर ही अडचण कोणाच्या लक्षातही येत नाही. हिचा नवरा गेलेला, आणि एकुलता एक मुलगा तुमसरच्या एका राइस मिलचा तांदूळ घेऊन ट्रकवर महिनामहिना परमुलखात. घरी ती, सून आणि तीन वर्षांची नात. हिचा व्यवसाय मात्र कोहळ्याच्या वड्यांचा. नियतीची थट्टाच म्हणायची.

शरद ऋतू लागला आणि छपरांवरच्या वेलींना कोहळी पिकू लागली, की अड्याळच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर तिची चूल पेटे. कोहळे किसून ती त्याला मीठ चोळी, किसाला पाणी सुटले की मुठीत धरून असे पिळी, की पाहणाऱ्याला त्या कोहळ्याची दया यावी. त्याच पाण्यात तांदळाचे पीठ आणि लाखोळीच्या डाळीचा भरडा भिजवायचा. मग सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मूठमूठभर. ओव्याची चार पाने, लसणाची पात, हिरवी मिरची. तळहातावर चपटा वडा थापून जवसाच्या तेलात, पसरट तव्यावर, कडा काळपट होईतो ती तो भाजू देई. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती म्हणे, "कच्चा खाचा असन त वेलावरचाच तोडून खा न बाप्पा!"

बारा वर्षे मी तिच्या कोहळ्यांना पहिली सुरी लावली. त्याचा मोबदला म्हणून ती माझ्यासाठी दोन वडे पळसाच्या पानात आणून ठेवी. लसूण नसलेले, वेगळ्या तव्यावर केलेले. मी ते कधी खाल्ले नाहीत. आमच्या घरी परान्नाचे नियम कडक. मी वडे घेई, "छान, छान" म्हणे आणि ती वळली की गोठ्यातल्या गाईपुढे ठेवी. सात-आठ वर्षांनी एकदा पान ठेवता ठेवता ती म्हणाली, "आज मिरची कमी टाकली जी. परवा गाईच्या डोयात पाणी आलतं."

 दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वडे आले. मिरची कमीच असावी.

मी गावी नसलो, तर ती तलावापलीकडे जाई. तिकडे एक बौद्ध गृहस्थ राहतात, वीज खात्यात लाइनमन आहेत. ते हसत म्हणत, "काकू, माह्या घरी माही मायच कापते कोहळं. आम्ही तिघं भाऊ पाहा, कसे सांडासारखे हावो!" ती म्हणे, "तुमचं अलग हाय भाऊ. तुमी कापून त देता न?" ते कापून देत. या बाईचा विश्वास आपला नाही हे त्यांना ठाऊक होते, तरीही चीर मात्र ते नीट, देठाला धक्का न लावता देत. माझ्यापेक्षा नीट.

आता वाचकांनी पुढचे थोडे सावकाश वाचावे. मलाही ते सावकाशच लिहिता येणार आहे.

त्या नवरात्रात गावच्या शारदोत्सव मंडळाने तिला दोनशे वडे सांगितले होते. सकाळी ती नेहमीसारखी पायरीशी आली. माझे नऊ दिवसांचे अनुष्ठान चालू होते आणि पाठ अर्ध्यावर आला होता. मध्ये उठणे किंवा बोलणे वर्ज्य. तिने विचारले. मी हात हलवला. त्या हाताचा अर्थ "नंतर ये" असा होता. पण तो ज्या तऱ्हेने हलला, ती कावळा हाकलण्याची होती.

लाइनमन त्या दिवशी पडलेल्या खांबाच्या कामावर गेले होते. मग ती कोहळे कडेवर घेऊन दारोदार फिरली. किराणा दुकानदाराने गल्ल्यावरूनच विचारले, "तुया घरी माणूस नाई त कोहळ्याचा धंदा काहून करतेस व बुढे? आलूचे वडे कर!" बाकावर बसलेले पाच-सहा पुरुष हसले. त्यांपैकी कोणाच्याही हाताला दुसरे काम नव्हते. एकाने सुरी हातात घेतली, उन्हात फिरवून पाहिली, "धार नाई" म्हणून परत दिली. पुन्हा हशा झाला.

दुपार टळून गेली. ती घरी आली, मांडी घालून बसली, डोळे मिटले, मुलाचे नाव घेतले आणि सुरी चालवली.

वडे वेळेवर पोचले. त्या दिवसासारखे वडे तिने पूर्वी कधी केले नव्हते, असे खाणाऱ्यांनी मला सांगितले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या सुनेच्या मोबाइलवर फोन आला. रायपूरकडच्या वळणावर ट्रक उलटला होता.

आपण कोहळे कापले, हे कोणाला ठाऊक नव्हते. ते तिनेच सांगितले. प्रेत अंगणात आले तेव्हा छाती पिटून ती ओरडली, "म्याच कापलं व! माह्या हातानं कापलं!" जमलेल्या बायकांना आधी अर्थ लागला नाही. मग लागला. आणि एकदा लागल्यावर तो गावातून हलेना.

दारात ज्यांनी सुरी परत दिली होती, तेच सांगू लागले की बुढीला एक दिवसही दम निघाला नाही. लेकुरवाळ्या बायका तिच्या सावलीतून मुले ओढून घेऊ लागल्या. शारदोत्सवात वडे मागून मागून खाल्लेली एक बाई विहिरीवर म्हणाली, "बापा, आमी त पोट्ट्याचं मास खाल्लं मनाव." हे वाक्य तिच्यापर्यंत पोचेल अशा आवाजातच उच्चारलेले होते.

सून वाईट नव्हती. पंचविशीत कपाळ पुसले गेलेली मुलगी. कोणावर तरी तिला राग धरायचा होता, आणि तो राग घरातच तयार सापडला. तिने नातीला आजीजवळ जाऊ देणे बंद केले. माहेर मोहाडीकडचे, भाऊ न्यायला येणार होता. निघण्यापूर्वी ती सासूला एवढेच म्हणाली, "गुरुजीले विचार. त्यायनं पोथीतून सांगतलं का असं काई नसते, त मी राहीन. पोरगी तुया मांडीवर देईन."

तेरावे आटोपल्यानंतरच्या एकादशीला देवळात माझे प्रवचन चालू होते. गाव बसले होते. ती खांबाआड उभी राहिली, आणि समाप्तीनंतर पुढे आली. कडेवर काही नसल्यामुळे ती तोल गेल्यासारखी दिसत होती.

"गुरुजी, पोथीत लिहून हाय का जी? बाईनं कोहळं कापलं त पोरगा जाते?"

उठू लागलेले लोक पुन्हा खाली बसले. तो दुकानदार होता, बाकावरचे होते, विहिरीवरची बाई होती.

उत्तर मला येत होते. माझे सारे आयुष्य धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचण्यात गेले. मी वाचलेल्या एकाही ग्रंथात अशी आज्ञा नाही. पापही नाही, फळही नाही. दोन शब्दांचे उत्तर होते. पण ते देताच पुढचा प्रश्न उठला असता: मग गुरुजी, बारा वर्षे तुम्ही सुरी कशाला लावत होता? आणि समजूत खरी म्हणावी, तर त्या सकाळचा माझा हात आडवा येत होता. दोन्ही वाटांवर मीच उभा होतो.

मी उपरणे सावरले आणि म्हणालो, "पाहून सांगतो."

"केवा जी?"

"ग्रंथ मोठे आहेत. नीट पाहावे लागेल."

लोकांनी माना डोलावल्या. गुरुजी घाईने बोलत नाहीत, याचे त्यांना कौतुक वाटले. तिने वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

नंतर चार वेळा ती पायरीशी आली. "पाह्यलं का जी?" मी म्हणे, "पाहतो आहे." पाचव्या वेळी आली नाही. सुनेचा भाऊ आला, आणि माय-लेकी मोहाडीच्या बसमध्ये बसल्या. लाइनमन सांगत होते की त्यांनी बसथांब्यावर चारचौघांत सुनेला समजावले, हात जोडले. ती म्हणाली, "भाऊ, तुमी चांगले हा. पण तुमच्या बोलण्यानं गाव नाई मानत."

त्यानंतर आठ दिवसांनी, भर दुपारी, मी तिच्या घरी गेलो. बारा वर्षांत प्रथमच. अंगणात चूल होती, ती एकटीच काहीतरी शिजवत होती. मी उभ्यानेच सांगितले, "असे कुठेही लिहिलेले नाही. तुझा काही दोष नाही."

तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"मले मालूमच होतं जी."

"मग विचारलेस कशाला?"

"मले नोयतं आयकाचं. त्यायले आयकवाचं होतं." तिने रिकाम्या अंगणाकडे पाहिले. "आता इथं कोन हाय? कोंबड्या हायेत. त्यायले सांगा."

तिच्या स्वरात राग असता, तर मला बरे वाटले असते. तिने मला पाणी विचारले, मग स्वतःच म्हणाली, "तुमाले चालत नाई, नाई का?" आणि पुन्हा लाकूड आत सारले.

पौषात तिने घराला कुलूप घातले. किल्ली लाइनमनकडे दिली आणि सांगितले, "सून आली का देजा." कोणी म्हणे नागपुरात कुठल्याशा मेसमध्ये पोळ्या लाटते. तिने जाताना दिलेल्या नंबरवर लाइनमननी बरेच फोन केले. आधी वाजत असे, पुढे बंदच लागू लागला.

सून आली. घर रिकामे झाले म्हणूनच आली.

रामनवमीला देऊळ भरले होते. जन्माचे कीर्तन झाल्यावर मी उभा राहिलो आणि जे सांगायचे होते ते सांगितले: समजूत निराधार आहे, हे मी जाणून होतो, आणि विचारले तेव्हा बोललो नाही. आवाज सर्वांपर्यंत जाईल याची मी काळजी घेतली. कोणी चिडले नाही. दुकानदाराने मान खाली घातली नाही. मागून एक म्हातारा शेतकरी सहजपणे म्हणाला, "बुढी त गेली. आता कायले सांगता जी?"

बायकांच्या रांगेत सून बसली होती. ती उठली. मुलीला तिने खांद्यावर घेतले, पदर नीट केला, आणि माझ्याकडे पाहून अगदी मर्यादेने बोलली.

"गुरुजी, मी त तवाच तिले तुमच्याकडं पाठोलं होतं."

ती प्रसाद न घेता गेली. बाकीचे हात पुढे आले, आणि मी सुंठवडा वाटू लागलो.