सारवलेल्या अंगणातला टेम्पो

“खराटा कसा धरायचा ते सर दाखवतील. त्यांचा हात बसलेला आहे.”

स्वच्छता शिबिराच्या उद्घाटनाला संस्थेचे सचिव माइकवरून हे बोलले तेव्हा मी कॉलेजच्या मैदानावर पहिल्या रांगेत उभा होतो. इस्त्रीचा शर्ट. खिशाला पेन. मी अर्थशास्त्र शिकवतो. अर्थशास्त्राचा आणि खराट्याचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. बुद्धवाडीत राहतो हेही. पोरं हसली. मागे बसलेले प्राध्यापक हसले. मीही हसलो. पुढे झालो, वाकलो, झाडून दाखवलं.

खरं सांगायचं तर माझा हात बसलेला नव्हता. वडील कापडाच्या लूमवर होते, शिफ्ट संपवून आले की झोपायचे. घरात केर काढायच्या त्या आई आणि बहिणी. मी कधी खराटा उचलला नव्हता. तरी त्या दिवशी असं झाडलं, की जणू जन्मभर तेच केलंय. त्यांना जसं हवं होतं तसं.

तेव्हा मी तासिका तत्त्वावर होतो. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. म्हणून गप्प बसलो, असं स्वतःला सांगायचो. मग कायम झालो. तरी दर शिबिराच्या उद्घाटनाला तेच वाक्य, तेच हसू, आणि मी वाकलेला. आता ते कारणही उरलं नव्हतं. कंटाळा म्हणा. कोण भांडत बसणार.

पुढे पोरांना समाजसेवेचे क्रेडिट सुरू झाले. सेवा केली तर गुण. तो विभाग कुणालाच नको होता, म्हणून माझ्याकडे आला. गेल्या हिवाळ्यात शिबिर ठरलं दिघाशीच्या पुढे, एका आदिवासी पाड्यावर. पाडा मीच सुचवला. दुसऱ्या वर्षाची मनीषा तिथली. पाड्यावरून कॉलेजात आलेली ती पहिलीच.

“सर, मी घरी सांगते, कॉलेज येणार आहे म्हणून,” ती म्हणाली. फार खूश होती.

तिनं सांगितलं. पाहुणे येणार म्हणून बायकांनी अख्खा पाडा झाडून काढला. पहाटे उठून अंगणं सारवली. आम्ही पोचलो तेव्हा शेण ओलं होतं. बोटांच्या रेघा दिसत होत्या.

बसमधून उतरलेली पोरं नवेकोरे खराटे घेऊन नुसती उभी राहिली.

“सर, ये तो अपनी बिल्डिंग से भी साफ है,” इम्रान म्हणाला. “करना क्या है?”

सचिव आपल्या गाडीतून आले होते, बरोबर फोटोग्राफर. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“सर, कचरा कुठाय?”

“साहेब, लोकांनी आधीच झाडून घेतलंय.”

“मग आपण काय भजन करायचं?”

तोडगाही त्यांनीच काढला. मानकोलीला त्यांची गोदामं आहेत. “तिथल्या कचऱ्याचा टेम्पो मागवतो. सुका माल आहे, पोरांचे हातपण खराब व्हायचे नाहीत. कुठे टाकायचा ते तुम्ही बघा.”

टेम्पो येईस्तोवर पाड्यातल्या बायकांनी आम्हाला कोरा चहा पाजला. मीही प्यालो.

मग टेम्पो आला. ड्रायव्हरनं विचारलं, “किधर खाली करूँ?” मी बोट दाखवलं. मनीषाच्या दारासमोर. तिथे जागा मोकळी होती आणि फोटोला ऊन चांगलं होतं. हे बोट माझं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

फाटकी खोकी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, थर्माकोल. वारा होता. थर्माकोलचे दाणे उडाले आणि ओल्या शेणात जाऊन बसले. कोंबड्या टोचायला धावल्या.

मनीषा शिबिराची टोपी घालून रांगेत उभी होती. ती माझ्याजवळ आली.

“सर, हा कचरा आमचा नाही.”

“माहितीय गं. पाच मिनिटं. फोटो झाला की संपलं.”

सचिवांच्या कानावर गेलं. “ही इथलीच का? मग हिलाच पुढे घ्या. बरं दिसेल.” आणि माइक घेऊन सुरू झाले, की पाड्यातल्या बांधवांना आज आपण स्वच्छतेची सवय लावणार आहोत.

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. मी खराटा तिच्यापुढे केला. “धर बाळा.”

तिनं धरला.

तिची आई उंबऱ्यात उभी होती. ती अंगणात उतरली, सरळ चालत आली आणि पोरीच्या हातातून खराटा हिसकून घेतला.

“कालेजात झाडाया धाडली व्हय गं तुला?”

मग ती बाई माझ्याकडे वळली. “आन तुमी वो सर? आमी झाडलेला दिसला न्हाय तुमाला?”

सचिव हसले. “रागावू नका बाई. सर दाखवतील. या सर, पुढे या. तुमचा हात बसलेला आहे.”

पोरं हसली.

मी पुढे झालो. सवयीनं कंबर वाकलीसुद्धा. खाली त्या रेघांवर टेम्पोच्या चाकाची खूण होती आणि तिच्या शेजारी बुटाची. बूट माझा होता.

इतकी वर्षं मी समजत होतो की अपमान माझा होतोय, गिळतोय मी, दुसऱ्या कुणाचं काय जातंय. माझ्यापुरतं आहे. पण मी वाकायला शिकलो होतो आणि आता ते शिकवायलाही लागलो होतो. “धर बाळा” म्हणून. मायेनं.

मी सरळ उभा राहिलो.

“मी झाडणार नाही.”

“काय?” सचिव म्हणाले.

“मी झाडणार नाही. ही मुलगीपण नाही. इम्रान, पोरांना घे. हे सगळं परत टेम्पोत भरा.”

आवाज चिरका निघाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्रायव्हर तेवढा कुरकुरला, “साहब बोलते खाली करो, आप बोलते भरो. पहले आपस में तय कर लो ना.”

पोरांनी हातांनी माल भरला. दाणे मात्र निघेनात. मी खाली बसून वेचायला लागलो, तेव्हा मनीषाची आई म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. उकरून परत सारवाया लागंल.” आणि आत गेली.

सेवा विभाग माझ्याकडून काढून घेतला. सचिवांशी गैरवर्तन केलं म्हणून चौकशी बसली. उद्या समितीपुढे जायचंय. काल प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. हळू आवाजात समजावत होते.

“सर, ताणू नका. मुलीनं हट्ट केला, तिची आई अंगावर आली, पोरं बिथरली आणि तुम्ही गोंधळलात. एवढंच म्हणा. तुमचं निभावेल.”

“आणि मुलीचं?”

“क्रेडिट जातील. वर्ष लांबेल. लहान आहे हो ती, करील पुन्हा.”

मी उठलो. जिना उतरताना तेच डोक्यात होतं. एवढं सोपं होतं ते. एक वाक्य, आणि पुन्हा पहिल्यासारखं.

मनीषा वर्गात येते. शेवटच्या बाकावर बसते. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, “मला नको सर. आईला म्हणा.” अजून गेलेलो नाही. उद्याचं बोलून झाल्याशिवाय त्या दारात उभं राहायला मला तोंड नाही.

उद्या मी सांगणार आहे. मुलगी खरं बोलत होती. कचरा पाड्याचा नव्हता, मानकोलीहून आणला होता. तो तिच्या दारात टाकायला मी सांगितलं आणि उचलायलाही मीच सांगितलं. सचिव समोर बसलेले असतील, त्यांच्या देखत सांगेन. नोकरीचं त्यांनी ठरवावं. गोंधळलो होतो, असं माझ्या तोंडून निघणार नाही.