शेवंतीचे शेंडे

शेवंतीचा शेंडा खुडायचा असतो. रोप वीतभर झालं की वरचं कोवळं टोक नखात धरायचं आणि कट्‌कन तोडायचं. मग खालून चार-पाच फांद्या फुटतात आणि दसऱ्याला झाड पिवळंधमक होतं. हे मला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. खुडताना त्यांचा हात इतका हलका चालायचा की बघत राहावं. घरात आमच्यावर पडायचा तो हाच हात.

भिंगारला आमच्या क्वार्टरच्या मागं त्यांचा वाफा होता. शेजारीपाजारी फुलं बघायला आले की अण्णा फुशारकीनं सांगायचे, "शेंडा मोडल्याबिगर फुटवा येत न्हाई. पोरांचंबी तसंच हाय." माणसं हसायची. मला आजही त्या हसणाऱ्यांचा संताप येतो. आईचं रडणं त्यांना ऐकू जात नव्हतं असं नाही, मधली भिंत एकच होती.

एका वर्षी, दसरा तोंडावर आला असताना, धाकट्या भावाचा चेंडू वाफ्यात गेला आणि कळ्यांनी लगडलेली एक फांदी मोडली. भाऊ तेव्हा पाचवीत होता. अण्णांनी झाडाच्या आधाराची बांबूची कामटी उपसली आणि त्याच्या पायांवर, पाठीवर ओढायला सुरुवात केली. तो पळाला नाही. पळालं की जास्त बसतो, हे आम्हाला पाठ होतं. मी मध्ये पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. शेवटी कामटी टाकून त्यांनी उघड्या पंजानं त्याच्या डाव्या कानाखाली ठेवून दिली. तो मटकन खाली बसला. कानातून रक्ताची बारीक धार निघाली आणि शर्टाच्या कॉलरमध्ये जिरली. आई कणकेनं भरलेल्या हातांनी दारात उभी होती. तिनं आधी परसाचं फाटक लावून घेतलं, मग त्याला उचललं. डॉक्टरांना आम्ही तो झाडावरून पडला असं सांगितलं.

परत आलो तेव्हा अण्णा वाफ्यात बसले होते. मोडलेल्या फांदीला त्याच कामटीचा आधार देऊन वर चिंधी बांधत होते. ती फांदी जगली, फुललीसुद्धा. भावाचा डावा कान गेला तो गेलाच.

आता मी तिसगावला राहते. क्वार्टर सोडताना त्या वाफ्यातल्या काश्या, म्हणजे मुळाशी फुटलेली पिलं, मी उपटून आणली आणि अंगणात लावली, कारण आईला ती फुलं आवडायची. शेवंती एकदा लागली की दरवर्षी बुडातून फुटते. पण मी शेंडे खुडत नाही. झाडं लुकडी वाढतात, पावसात आडवी होतात, फुलं थोडी येतात. येऊ देत थोडी.

आई गेल्यापासून अण्णा माझ्याकडेच असतात. दुसरं कुणी त्यांना ठेवून घेत नाही. यंदा श्रावणात भाऊ आला होता, पायरीवर बसला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर अण्णा वाफ्यापाशी उकिडवे बसलेले, नखात शेंडा धरलेला. खुडू नका म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघत तो खुडला आणि दुसरा धरला. मी चहा तिथंच ठेवला आणि त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी सवयीनं दुसरा हात उगारला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाफ्यात आधाराला रोवलेली कामटी कधी उपसली ते कळलंही नाही. ती मी डोक्यावर उचलून धरली होती आणि मला मारायचं होतं, अगदी मनापासून.

अण्णांनी हात खाली घेतला आणि हसले. "मार," म्हणाले. "माझीच पोरगी हायेस."

मी भावाकडं पाहिलं. तो पस्तिशीचा बाप्या माझ्याकडं बघत भिंतीला चिकटून आकसला होता. उजवा कान, तेवढाच ऐकू येणारा, त्यानं हातानं झाकून घेतला होता.