मामांचे सामुराई

तंजावूरचं मराठ्यांचं राज्य बुडालं, ही बातमी आमच्या मामांना कुणी कळवलीच नव्हती. तालुका कचेरीत उभा जन्म कारकुनी करून ते निवृत्त झाले, पण पापनाशमच्या बसमध्ये चढायचे ते घोड्यावर मांड टाकल्यासारखे. सुट्टे पैसे मागणाऱ्या कंडक्टरला आधी आपल्या पूर्वजांची मोहीम सांगत, मग पैसे देत. देवघरात खंडेनवमीला पुजायची एक गंजकी तलवार होती. तिच्यावर हळदकुंकू वाहताना मामांची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्यांची मला काळजी वाटे. लोक हसत, मीही हसे. पण खरं सांगतो, असा मामा आपला आहे याचा मला भारी तोरा होता.

त्यांना दुःख एकच, त्यांची लेक पद्मा. तिला मराठी सगळं कळे, पण तोंडातून निघे ते तमिळ. मामी गेल्यापासून त्या घरात बाप मराठीत पुसे आणि लेक तमिळमध्ये उत्तर देई. मामांनी कधी जबरदस्ती केली नाही. पण तिला बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली, तेव्हा पहिल्यांदाच माझ्याजवळ बोलले, "ही गेली की मराठी या घरात माझ्यासंगेच म्हातारी होणार रे."

तिच्या निघण्याच्या आदल्या दिवशी मामांनी व्हिडिओच्या दुकानातून एक कॅसेट आणली. वेष्टनावर डोक्याला शेंडी, कमरेला तलवार आणि कपाळाला आठी असलेला गडी पाहून त्यांना वाटलं, आपल्यातलाच कुणी. लावली तर निघाला जुना, काळापांढरा जपानी सिनेमा! मी खो खो हसलो. मामा मुळीच वरमले नाहीत. थोडा वेळ टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "राजा गेला, चाकरी गेली, हाती तलवार तेवढी राहिली. हे आपल्यातले नव्हेत तर कोण?"

आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून सगळ्या सामुराईंना मराठी बोलायला लावलं. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती, तिकडे ढुंकूनही न बघता. सिनेमा मात्र जबरदस्त हो! आमचे हिरो एका दमात दहाजणांना लोळवून वर गाणंही म्हणत. इथे दोघं नुसते समोरासमोर उभे, वाऱ्यानं गवत हलतंय, आपला श्वास अडकलेला, आणि मग एकच वार. त्या शांततेत मामांचा सामुराई शत्रूला पुसायचा, "जेवण झालं ना?" उपाशी माणसावर हत्यार उचलायचं नाही, हा मामांचा नियम. दुसरा नियम, निघताना 'जातो' म्हणायचं नाही. ते अभद्र, 'येतो' म्हणायचं. त्यामुळे पोटात तलवार घुसलेला गडीदेखील "बरं, येतो" म्हणूनच कोसळला. पद्माच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. मेलेला माणूस येणार कसा, असं तिनं तमिळमध्ये विचारलं. मामा म्हणाले, "ते त्याचं तो बघेल. रीत सोडू नये."

शेवटी एक म्हातारा सामुराई, ज्या घरानं त्याला आसरा दिला होता त्या घरातून निघाला. घरातली मुलगी फराळाची पुरचुंडी घेऊन दारात आली, तिचे ओठ हलू लागले. तोवर बायकांचेही संवाद मामाच बारीक आवाजात म्हणत होते. आता मात्र ते पडदा सोडून दाराकडे बघू लागले. आमच्याही दाराशी पद्माची बॅग भरून ठेवलेली होती. पडद्यावरची मुलगी बोलत राहिली आणि खोलीत कुणाचाच आवाज नाही.

मग पद्मा बोलली. पडद्यावरची नजर न काढता, तमिळ हेलात, एकेक शब्द जुळवत, पण मराठीत.

"वाटेत खाऊन घ्या. संभाळून राहा. मी वाट पाहते."

मामांनी कसाबसा म्हाताऱ्याचा आवाज काढला. "येतो."

दुसऱ्या दिवशी गाडी हलली तेव्हा पद्मानं खिडकीतून हात बाहेर काढला. आजवर शाळेला, कॉलेजला निघताना ती तमिळमध्येच निरोप घेई. त्या दिवशी म्हणाली, "अप्पा, येते."

मामा ताठ उभे होते. किल्ल्याच्या दरवाजावर पहारा असावा तसे. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर मला म्हणाले, "काय म्हणाली रे ती?"

त्यांना चांगलं ऐकू येत असे. मी म्हटलं, "येते म्हणाली."

मामांनी मान डोलावली. बाहेर बसपाशी येईतो त्यांनी मला पुन्हा पुसलं, आणि मी पुन्हा सांगितलं.