दोन-आठचा हात

आमची मनुमावशी आगऱ्यांच्या लग्नांत धवले गाते. धवलारणीने गाऊन देवांना बोलावल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही. रेवसपासून किहीमपर्यंत तिने किती लग्नं लावली ते तिलाही आठवत नाही. आवाज असा खणखणीत, की मांडवातला लाउडस्पीकर बंद पडला तरी कुणाला कळू नये. आणि हट्टी! मी तिच्या बहिणीची मुलगी, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

होळीपासून तिच्या पोटात आग पडायची. तिने ते मांडवामांडवात सांगितलं, त्यामुळे प्रत्येक मांडवातून एकेक औषध आलं. कुणी ओवा दिला, कुणी बेंबीत हिंग भरला, कुणी खायचा सोडा पाजला. मावशीने कुणाचंच मन मोडलं नाही. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय बसून बसून गुडघे धरायचे म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, तीही उपाशीपोटी; हळद लागेपर्यंत जेवायचं नाही हा तिचा नेम. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "तो मना भरती करल. मंग शिवानीच्या लग्नात कोन गाईल?"

शिवानी माझी मुलगी. तिच्या लग्नाला महिना उरला होता.

शेवटी मावशीला पकडलं ते बांगडीवाल्या फिरोजाने. शिवानीच्या साखरपुड्याला ती बांगड्या भरायला आली होती. गावातल्या प्रत्येक बाईचा हात मापासकट तिला पाठ. मावशीचा दोन-आठचा, वीस वर्षं मावशी "आई गं" करायची आणि फिरोजा साबण लावून बांगडी चढवायची. त्या दिवशी दोन-आठची बांगडी हातातून घसरून चटईवर पडली. दोन-सहाची घातली, तीही सैल. फिरोजाने पेटीच बंद केली.

"मनुबाई, दोन महिन्यांत एवढा हात उतरला? डॉक्टरला दाखवून ये. त्याबिगर मी बांगडी भरनार न्हाय, अल्लाची कसम."

रिकाम्या हातांनी धवलारीण मांडवात बसणार कशी? मावशीने फिरोजाला शिव्या दिल्या, मला दिल्या आणि रिक्षात बसली.

अलिबागची डॉक्टरीण तरुण होती. भूक, उलटी, गिळताना त्रास, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "शौचाचा रंग?"

मावशी माझ्याकडे बघेना. "काला. डांबरावानी. आठ दिस झाले."

मी तिथेच ओरडले. बेंबीतला हिंगसुद्धा जिने गावभर सांगितला, तिने एवढंच लपवलं होतं!

"मावशी," डॉक्टरीण म्हणाली, "दोन-तीन आठवडे जळजळ थांबली नाही तेव्हाच यायला हवं होतं. वजन उतरलं, घास अडकायला लागला, तर त्याहून लवकर. आणि रक्ताची उलटी झाली किंवा असं काळं झालं, तर त्याच दिवशी."

लगेच भरती केलं. दुर्बीण घातली, तर जठरात जखम, आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. उपाशीपोटीच्या गोळ्या आणि पोटातला एक जंतू, दोघांनी मिळून केलेला हा उद्योग. रक्त चढवलं, औषधं सुरू झाली. जखमेचा तुकडा तपासायला गेला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मी देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. रिपोर्ट चांगला आला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मावशी म्हणाली, "रडतेस कशाला? मी हाय ना!"

शिवानीच्या हळदीला ती सकाळीच पेज खाऊन, नेम मोडून बसली आणि गायली. मला इतका आनंद झाला की हातातली हळदीची वाटी घेऊन मी नाचले. मध्येच पाण्याचा घोट घेऊन तिने भर मांडवात विचारलं, "बायांनो, कुनाला काला होतंय का गो? लाजू नका, मनापन होत होतं."

बायका पदर तोंडाला लावून खो-खो हसल्या. शेजारची सोनाबाई तेवढी हसली नाही. तिने मान खाली घातली.

मावशी उठली. सोबत गाणाऱ्या राहीला म्हणाली, "पुढचं तू गा." एवढ्या वर्षांत तिने कुणाचा धवला अर्धा सोडला नव्हता. सोनाबाईचा हात धरून ती मांडवाबाहेर पडली आणि रिक्षा थांबवली. माझ्या लेकीची हळद राहीच्या आवाजात लागली, आणि मी मावशीला एका शब्दानेही अडवलं नाही.